बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलीची पुढची वाट

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकीच एका सभासद भगिनीने एखाद्या विषयावर चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. आजवर आरोग्य, बचत, बालसंगोपन, संतांचे अभंग असे विषय होऊन गेले. यंदा ती पाळी माझ्यावर आली. चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी "बास्केटबॉल" म्हणून सांगितले. त्यांना वाटले, मी थट्टा करते आहे. थट्टा नाही, भगिनींनो. माझी धाकटी मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या संघातून हा खेळ खेळते. आपल्या सेक्टरातल्या आणखीही तीनचार मुली खेळतात. त्यांच्या आया मला जिन्यात, भाजीबाजारात, हळदीकुंकवाला एकच प्रश्न विचारतात : "हे सगळे ठीक आहे हो, पण खेळून पुढे काय?"

हा प्रश्न मला मुळीच वावगा वाटत नाही. मुलीच्या पोटापाण्याचा विचार आईने करायचा नाही तर कोणी करायचा? म्हणून वर्षभर मी मुलीच्या खेळाच्या शिक्षकांना विचारले, जुन्या खेळाडू बायकांना गाठले, मुलीकडून मोबाइलवर शोधून घेतले आणि एका वहीत टिपत गेले. ती वही घेऊनच आज आपल्यापुढे उभी आहे. मला व्याख्यान देता येत नाही. जे कळले ते सांगते.

आधी खेळाविषयी थोडे. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी क्षमा करावी.

१८९१ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकांनी हा खेळ काढला. कडाक्याच्या हिवाळ्यामुळे मुले घरात कोंडलेली. आतल्या आत खेळता येईल असे काही हवे, म्हणून त्यांनी सज्जाच्या कठड्याला फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि १३ नियम लिहून काढले. टोपलीला इंग्रजीत बास्केट म्हणतात, त्यावरून खेळाला नाव पडले. पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने स्मिथ कॉलेजातल्या मुलींना तो शिकवला. तेव्हा "हा पुरुषांचा खेळ, मुलींनी कशाला खेळावा" असे कोणी म्हणाले, तर खुशाल सांगावे की मुली हा खेळ जवळजवळ पहिल्या दिवसापासून खेळत आल्या आहेत. मान मात्र उशिरा मिळाला. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे बास्केटबॉल १९३६ साली आले आणि बायकांचे १९७६ साली. चाळीस वर्षे वाट पाहावी लागली.

मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते. कडी जमिनीपासून दहा फूट उंच. एका वेळी मैदानात पाच जणी, आणि संघात बारा. दहा-दहा मिनिटांचे चार भाग खेळतात. चेंडू हाती आला की २४ सेकंदांच्या आत तो कडीकडे टाकावाच लागतो. त्यामुळे सारा वेळ धावपळ, उडी आणि पुन्हा धावपळ. बारा हा आकडा तेवढा लक्षात ठेवा. शाळेचा संघ असो, विद्यापीठाचा असो की देशाचा, जागा बाराच्या आसपासच असतात. खेळणाऱ्या मुली मात्र वाढत जातात.

आपल्या मुंबईत या खेळाचे जुने ठाणे म्हणजे नागपाडा. दाटीवाटीच्या त्या वस्तीतून कितीतरी नामवंत खेळाडू निघाले. अब्बास मुंतसीर तिथलेच. त्यांना १९७० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. भारताचा पुरुष संघ आजवर एकदाच, १९८० साली मॉस्कोला, ऑलिंपिकमध्ये खेळला. महिला संघाला २०२४ च्या पॅरिसपर्यंत तो योग आलेला नाही. म्हणजे आपल्या देशात हा खेळ शाळा-कॉलेजांत घरोघरचा असला, तरी जगाच्या मानाने आपण अजून मागे आहोत. हे आधी सांगितलेले बरे.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. कॉलेजात खेळणाऱ्या मुलीला पुढे खेळावर पोट भरता येते का?

अमेरिकेत त्याची ठरलेली वाट आहे. तिथे बायकांची व्यावसायिक स्पर्धा १९९७ पासून चालते. तिला डब्ल्यूएनबीए म्हणतात. दरवर्षी सगळे संघ एकत्र बसून पाळीपाळीने कॉलेजच्या मुली निवडतात. २०२४ साली तिथे १२ संघ होते आणि तीन फेऱ्यांत ३६ मुली निवडल्या गेल्या. प्रत्येक संघात फार तर १२ खेळाडू, म्हणजे साऱ्या देशात मिळून १४४ जागा. आणि पहिल्या दर्जाच्या कॉलेजांचे मुलींचे संघ साडेतीनशेच्या आसपास! निवड झालेल्यांपैकीही सगळ्यांना संघात जागा मिळत नाही. त्या वर्षी पहिल्या क्रमांकाने निवडली गेली ती केटलिन क्लार्क. आयोवा विद्यापीठाकडून चार वर्षांत तिने ३,९५१ गुण केले आणि मुलांचाही जुना विक्रम मागे टाकला. एवढ्या मुलीचा संघाकडून पहिल्या वर्षाचा पगार सुमारे ७६,५०० डॉलर होता. त्याच वर्षी पुरुषांत पहिल्या क्रमांकाने निवडलेल्या मुलाला एक कोटी डॉलरहून अधिक मिळाले. केटलिनला जाहिरातींतून पुष्कळ मिळते ही गोष्ट निराळी, पण सगळ्याच मुली काही केटलिन नसतात. तेव्हा पैशाचा पाऊस तिथेही सगळ्यांच्या अंगणात पडत नाही.

आपल्या इकडून तिकडे जाण्याचा प्रयत्न झालेलाच नाही असे नाही. पंजाबातल्या बल्लो के गावचा शेतकऱ्याचा मुलगा सतनामसिंग याला २०१५ साली डॅलसच्या संघाने ५२ व्या क्रमांकाने निवडले. भारतात जन्मलेला असा तो पहिलाच. परंतु एनबीएचा मुख्य सामना त्याला एकही खेळायला मिळाला नाही. मुलींमध्ये केरळच्या गीतू ॲना जोस हिला २०११ साली डब्ल्यूएनबीएच्या संघांनी चाचणीसाठी बोलावले. असे बोलावणे आलेली ती पहिली भारतीय मुलगी. तिचीही निवड झाली नाही. तिच्याविषयी पुढे सांगणार आहे, कारण निवड झाली नाही तरी तिचे आयुष्य वाया गेले नाही, आणि आपल्या मुलींना उपयोगी पडेल अशी वाट तिच्याच गोष्टीत आहे.

आपल्या देशातही व्यावसायिक लीग काढण्याचे प्रयत्न झाले. २०१५ साली यूबीए नावाची आठ संघांची लीग निघाली. तिच्यात 'पुणे पेशवाज' आणि 'मुंबई चॅलेंजर्स' असे आपले दोन संघ होते. २०१७ च्या हंगामानंतर ती बंद पडली. मग २०२२ साली सहा शहरांच्या संघांची नवी राष्ट्रीय लीग सुरू झाली. तीत 'मुंबई टायटन्स' होते. हे दोन्ही खेळ मुख्यतः पुरुषांचे. मुलींना वर्षभर खेळून घर चालवता येईल अशी लीग त्यातून उभी राहिली नाही.

इथे कोणी म्हणेल, क्रिकेटमध्ये तर मुलींना केवढे मिळते! खरे आहे. आपल्या नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावरच ४ मार्च २०२३ रोजी बायकांच्या क्रिकेट लीगचा पहिला सामना झाला. त्याआधीच्या लिलावात आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी याच मैदानावर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा मध्यरात्री आपल्या सेक्टरात फटाके वाजले ते तुम्ही सर्वांनी ऐकले. मी त्या रात्री खिडकीशी उभी होते. मला आनंद झाला. पण शेजारी उभी असलेली माझी मुलगी म्हणाली, "आई, आमच्या खेळात एवढी माणसे कधी येणार?" त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. एका खेळाची भरभराट झाली म्हणून दुसऱ्याची होतेच असे नाही. क्रिकेटचा आकडा बास्केटबॉलच्या मुलीपुढे ठेवून तिला हिणवू नये, आणि तोच आकडा दाखवून तिला भुलवूही नये.

मग आपल्याकडे बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलीचा व्यवसाय म्हणजे काय? भगिनींनो, आपल्याकडे त्याचे नाव नोकरी. खेळाच्या जोरावर मिळणारी सरकारी नोकरी, आणि त्या नोकरीत राहून त्या खात्याच्या संघातून खेळणे. त्यात सर्वांत मोठे घर रेल्वेचे. राष्ट्रीय स्पर्धांत बायकांच्या बास्केटबॉलमध्ये रेल्वेचा दबदबा वर्षानुवर्षे आहे, कारण देशभरच्या चांगल्या मुली तिथे नोकरीला असतात. मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही रेल्वेंची मुख्य कार्यालये आपल्या मुंबईतच आहेत.

गीतू ॲना जोस हिचे उदाहरण घ्या. ती कोट्टायमकडची. चांगनाश्शेरीच्या असम्प्शन कॉलेजात शिकली आणि खेळली. मग दक्षिण रेल्वेत नोकरीला लागली. त्या आधारावर ती ऑस्ट्रेलियात जाऊन तिथल्या रिंगवुड संघाकडून खेळली. तसे खेळणारी ती पहिली भारतीय बाई. नंतर अमेरिकेच्या चाचणीला गेली. तिथे निवड झाली नाही, पण परत येताना तिला नोकरी होती, संघ होता. २०१४ साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. पाठीशी आधार असला म्हणजे माणूस लांबची उडी मारून पाहू शकतो, एवढे तिच्यावरून मला समजले.

दुसरी चेन्नईची अनिता पॉलदुरै. तीही दक्षिण रेल्वेचीच. एकोणिसाव्या वर्षी ती भारताच्या संघाची कर्णधार झाली. लग्न झाले, मूल झाले आणि ती पुन्हा मैदानात आली. २०१७ च्या जुलैमध्ये बंगळूरला आशियाई चषकाच्या दुसऱ्या गटाची स्पर्धा होती. अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला ७५ विरुद्ध ७३ असे, अवघ्या दोन गुणांनी हरवले आणि पहिल्या गटात जागा मिळवली. त्या संघाची कर्णधार ही आई होती. २०२१ साली तिला पद्मश्री मिळाली. "लग्नानंतर कुठला खेळ!" असे आपण सहज बोलून जातो, म्हणून तिचे नाव मी मुद्दाम घेतले.

आणि तिसरी आपलीच मराठी मुलगी, पुण्याची शिरीन लिमये. लहान वयापासून ती महाराष्ट्राकडून आणि मग भारताकडून खेळली. २०१७ च्या त्या विजयी संघात ती होती. पुढे ती भारताच्या संघाची कर्णधार झाली. तिचीही नोकरी रेल्वेतच. पुण्याच्या मराठी घरातली मुलगी या खेळात देशाचे नेतृत्व करू शकते हे सांगायला आता पुराणातले दाखले शोधायला नकोत.

या तिघींनी नाव कमावले. पण माझ्या वहीतला महत्त्वाचा भाग नावाचा नाही, रीतीचा आहे. रेल्वेच्या खेळाडू भरतीची रीत मी अलीकडच्या जाहिरातींवरून लिहून घेतली. तिथे १०० गुण असतात. त्यांपैकी ५० गुण आधीच्या कामगिरीला, म्हणजे प्रमाणपत्रांना. ४० गुण प्रत्यक्ष मैदानावरच्या चाचणीला. १० गुण शिक्षणाला. चाचणीत ४० पैकी २५ मिळाले तरच पुढचा विचार होतो. वय १८ ते २५ आणि त्यात सवलत नाही. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे कारकुनी दर्जाच्या खालच्या पायरीवर मूळ पगार १९,९०० रुपयांपासून सुरू होतो, त्यावर भत्ते वेगळे. शिवाय महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असतात. तिथे प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते.

आता हे गुण पाहा म्हणजे आपल्याला काय करायचे ते आपोआप समजते.

पन्नास गुण प्रमाणपत्रांचे. पण कोणतेही प्रमाणपत्र चालत नाही. गणेशोत्सवातल्या सामन्याचा चषक कपाटात शोभतो, भरतीत त्याला गुण नाहीत. कॉलेजच्या संघातून मुलगी आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत उतरते, तिथून विद्यापीठाच्या संघात जाते, मग पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत आणि तिथून अखिल भारतीय स्पर्धेत. ही एक शिडी. दुसरी शिडी जिल्हा संघटनेची : जिल्हा, राज्य, मग राष्ट्रीय स्पर्धा. या दोन शिड्यांवरच्या वरच्या पायऱ्यांना किंमत आहे. म्हणून कॉलेजातली तीन वर्षे ही हौसेची वर्षे नसून कमाईची वर्षे आहेत. "आता परीक्षा संपू दे, मग खेळ" असे म्हणून एक हंगाम गेला, तर तो पुन्हा येत नाही. पंचविसावे वर्ष कोणासाठी थांबत नाही.

प्रमाणपत्रे जपून ठेवा, हे मी आयांना कळकळीने सांगते. एक फाइल करा, स्पर्धेचे नाव, तारीख, क्रमांक नीट लिहा, छायाप्रती काढून ठेवा. आपण रेशनकार्ड आणि घराचे कागद जसे जपतो तसे जपा. आणि कोणी "पैसे द्या, खेळाच्या कोट्यातून नोकरी लावून देतो" किंवा "प्रमाणपत्र मिळवून देतो" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. खोट्या कागदाने नोकरी तर जातेच, खरे खेळलेल्या मुलीच्या तोंडचा घासही जातो.

शिक्षणाला दहाच गुण दिसतात, पण पदवीशिवाय वरची पायरी नाही. गुडघा दुखावला, निवड झाली नाही, तर हातात तीच राहते. खेळ आणि अभ्यास यांतले एक सोड, असे मुलीला सांगू नये. स्वयंपाकघरात आपण एका शेगडीवर वरण आणि दुसरीवर भात ठेवतोच ना? लक्ष दोन्हीकडे लागते एवढेच.

चाचणीचे चाळीस गुण शरीराचे. यात आयांचे काम फार मोठे आहे. २०१९ ते २१ च्या सरकारी पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. अशी मुलगी चार भाग धावणार कशी? धाप लागते, चक्कर येते आणि आपण म्हणतो, "तुला झेपत नाही." आधी रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने चाला. घरात पालेभाजी, कडधान्य, नाचणी, हळीव असतेच. त्यावर लिंबू पिळावे म्हणजे लोह अंगी लागते आणि जेवणाबरोबर चहा देऊ नये. पोळ्या करताना मुलाला अंडे आणि मुलीला उरलेली आमटी, ही वाटणी अजून कोणाच्या घरी असेल तर ती आज मोडावी. आणि मैदानावर कोणी दिलेली शक्तीची पावडर विचारल्याशिवाय घेऊ देऊ नये. त्यात बंदी असलेले औषध निघाले, तर मुलीचा खेळ दोनदोन वर्षे बंद होऊ शकतो.

दुसरे गुडघ्याचे. उडी मारून उतरताना किंवा एकदम वळताना गुडघ्यातला बंध तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा अधिक असतो, असे डॉक्टर सांगतात. गुडघे वाकवून हलके उतरायला शिकणे, खेळण्याआधी पंधरा मिनिटे नीट व्यायाम करणे आणि झिजलेला बूट वेळेवर टाकणे, यांनी तो पुष्कळ कमी होतो. माझ्या मुलीचा गुडघा मागच्या पावसाळ्यात ओल्या सिमेंटवर मुरगळला. बंध तुटला नव्हता हे आमचे नशीब, पण सहा आठवडे ती घरी बसली. त्या सहा आठवड्यांत आमच्या घरात खरा वाद झाला. तो थोडक्यात सांगते, कारण तुमच्याही घरी तो कधी ना कधी होणार आहे.

यजमानांचे म्हणणे, पदवी होताच तिने बँकेच्या परीक्षेला बसावे. खेळावर अवलंबून राहू नये. त्यांनी स्वतः तीस वर्षे पनवेल-व्हीटी गाडीला लोंबकळून नोकरी केली आहे. महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पगाराची किंमत त्यांना ठाऊक आहे. त्यांना मी खेळाचा शत्रू मानत नाही. जाऊबाईंनी एक स्थळ आणले. मंडळी सज्जन, मुलगा चांगल्या नोकरीत. फक्त लग्नानंतर अर्ध्या चड्डीत खेळणे आम्हाला चालणार नाही, असे त्यांनी नम्रपणे सांगितले. आणि मुलगी पाय उशीवर ठेवून म्हणत होती, "मला विद्यापीठाच्या संघात एकदा तरी जाऊ द्या."

आम्ही तिघे एका रविवारी बसलो आणि ही वही मधे ठेवली. तिचे वय २१. पंचविसाला चार वर्षे. त्यांतली दोन तिची, असे ठरले. या दोन वर्षांत ती पदवी पुरी करील, विद्यापीठाच्या आणि राज्याच्या निवडीला उतरेल, रेल्वेची जाहिरात निघाली की अर्ज करील. सकाळी खेळ आणि दुपारी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास, तोही तिनेच कबूल केला. तेविसाव्या वर्षी पुन्हा बसायचे आणि जे दिसेल त्यावर ठरवायचे. रडारड नाही, टोमणे नाहीत. स्थळाला आम्ही आदराने नाही म्हणून कळवले. यजमान अजून पूर्ण राजी नाहीत, पण पहाटे साडेपाचला तिला मैदानावर सोडायला तेच जातात.

तिची निवड होईल का? मला ठाऊक नाही. तिच्या कॉलेजच्या संघात तिच्याहून उंच मुली आहेत, तिच्याहून चपळ आहेत. बारा जागा आणि त्यांना शेकडो हात. परंतु निवड झाली नाही तरी या मुलीला हार पचवता येते, बारा जणींत मिळून वागता येते, परक्या गावी आपले सामान आणि आपली अब्रू सांभाळता येते. मैदानात ती मोठ्याने हाक मारते, "इकडे दे!" माझ्या पिढीतल्या किती जणींना आपल्याला हवे ते असे मोठ्याने मागता आले?

आता मंडळाला माझी विनंती. आपण दरवर्षी वर्धापनदिनाला वर्गणी काढतो. त्यातला थोडा भाग वेगळा ठेवून सेक्टरातल्या खेळाडू मुलींच्या स्पर्धेच्या प्रवासाला द्यावा. रक्कम लहान असली तरी चालेल, पण हिशेब वहीत असावा. दुसरे, उद्यानातल्या सिमेंटच्या मैदानावर संध्याकाळी मुली खेळतात तेव्हा काही टवाळ पोरे कठड्यावर येऊन बसतात आणि त्या भीतीने दोन मुलींचे खेळणे बंद झाले आहे. आपण नाहीतरी संध्याकाळी फिरायला जातोच. पाळीपाळीने दोघी जणी सात ते साडेआठ त्या बाकावर बसल्या तर पोरे आपोआप उठून जातील. भाजी निवडायला घेऊन बसा, भजन म्हणा, काही करा, पण बसा. सोमवारची पाळी मी आजच घेते. बाकी दिवसांची यादी चिटणीसबाईंकडे ठेवली आहे, जाताना आपापले नाव लिहावे.

आणि तिसरी विनंती अगदी सोपी आहे. खेळून घामाघूम होऊन येणारी मुलगी जिन्यात भेटली, तर "अगं, किती काळवंडलीस" असे म्हणण्याआधी "आज किती गुण केलेस?" असे तिला विचारावे. एवढे विचारले तरी पुष्कळ आहे.